आकड्याचीही उलटतपासणी हवी

१/ बखर हाती घेताच आपण विचारतो: ही कोणी, कधी, कशासाठी लिहिली? 'प्रोग्रामला इतका वेळ लागला' या आकड्यालाही हेच प्रश्न विचारावेत, असे माझे ठाम मत आहे. त्यामागे चार दशकांचा इतिहास आहे.

२/ १९८१चा आयबीएम पीसी. त्यातील ८२५३ या टायमर चिपला सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मिळत. ६५,५३६ ठोके झाले की घड्याळाचा एक टोला पडे. दोन टोल्यांत अंतर ५५ मिलिसेकंदांचे. तेवढ्यात प्रोसेसर हजारो आज्ञा उरकी. म्हणून असेंब्लीतले जाणकार थेट चिपच्या गणकातच डोकावू लागले.

३/ १९९३ साली पेंटियम आला. दर ठोक्याला एकाने वाढणारा ६४ बिटांचा गणक आणि तो वाचणारी 'आरडीटीएससी' ही आज्ञा त्याने दिली. प्रश्न सुटला, असे वाटले.

४/ सुटला नव्हता. १९९५चा पेंटियम प्रो आज्ञा क्रम सोडूनही पार पाडी. मोजायचे काम संपण्याआधीच गणक वाचला जाई. मग आधी 'सीपीयूआयडी' चालवून प्रोसेसरला थोपवावे लागे.

५/ पुढे वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर वेग बदलू लागले. त्यावर उपाय म्हणून गणकाची गती स्थिर केली गेली. नाव तेच राहिले, अर्थ पालटला: ठोके मोजणारा गणक आता काळ मोजू लागला. प्रदेशागणिक बदलणारा बिघा आठवावा.

६/ हा केवळ हौशी काथ्याकूट नव्हे. केवळ लागलेल्या वेळेवरून गुप्त किल्ली हुडकता येते, हे पॉल कोचर यांनी १९९६ साली दाखवले. २०१८ साली 'स्पेक्टर' आणि 'मेल्टडाउन' उघडकीस आले, तेव्हा ब्राउझरांनी आपली घड्याळे मुद्दाम ढोबळ केली.

७/ 'हजार वेळा चालवा, सरासरी काढा,' असे काही जण म्हणतात. मला ते अपुरे वाटते. मध्येच आलेला व्यत्यय वेळ वाढवतो, कमी करत नाही. चूक एकाच दिशेला झुकते आणि सरासरी तिलाच झाकते. किमान वेळ सांगावा, विखुरणही सांगावे.

८/ प्रोसेसर कोणता, गणक कोणता, मोजणी किती वेळा? एवढे सोबत नसेल, तर दशांशचिन्हापुढे कितीही अंक असोत, तो आकडा ऐकीव वार्ताच समजावा.