गायनमास्तरांच्या वह्या

ख्रिस्तमंदिरातील पेटीशेजारच्या कपाटात जुन्या गायनमास्तरांनी स्वहस्ते उतरून ठेवलेल्या वह्या बहुतेक गावी आढळतात. कोणी पाच रेघांवर स्वर मांडलेले, तर कोणी नुसते सा रे ग म लिहून वर ताल नोंदलेला. मास्तर निवर्तले की त्या वह्यांस वाली उरत नाही. पावसाळ्यातील ओल, कसर आणि वाळवी आपापले काम करितात.

अशा एका कागदाचे मोल किती, हे ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावाच्या हकिकतीवरून वाचकांस कळून येईल. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री तेथील सेंट निकोलस मंदिरात साहाय्यक धर्मगुरू योसेफ मोर व ऑर्गन वाजविणारे शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर यांनी गिटारच्या साथीवर एक नवे गीत गाइले. तेच ‘सायलेंट नाइट’. गीत हातोहात उतरले जाऊन दूरवर गेले. नावे मात्र मागेच राहिली. कोणी ते लोकगीत मानले, कोणी हायडनसारख्या थोर संगीतकाराच्या नावावर चढविले. शेवटी १८५४ साली बर्लिनच्या राजदरबारी गायकवृंदाकडून चौकशी आली, तेव्हा ग्रुबर यांस लेखी निवेदन करावे लागले. मोर तर १८४८ सालीच वारले होते. त्यांच्या हातचे एक पान १९९५ साली उजेडात आले. शब्द मोर यांचे, १८१६ सालचे, आणि चाल ग्रुबर यांची, अशी त्यावर स्वच्छ नोंद आहे.

हे उतरून घेण्याचे काम आता आंतरजालावर चालते. १९९८ साली अमेरिकेत राफाएल ऑर्नेस यांनी ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’ उघडली. हौशी मंडळींनी मांडलेली स्वरपत्रे तेथून गायकवृंदांस विनामूल्य मिळतात. २००६ साली एडवर्ड ग्वो या विद्यार्थ्याने याहून मोठे संगीत-ग्रंथालय काढले; पण ऑक्टोबर २००७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रकाशकाचे वकिली पत्र आले, आणि ते जवळजवळ आठ महिने बंद पडले. ग्रंथालय कॅनडातले, तेथे तेव्हा कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी हक्क संपत, युरोपात मात्र ७० वर्षांनी. ३० जून २००८ रोजी ते पुन्हा उघडले.

आपल्या देशात १९५७ च्या कायद्याप्रमाणे ही मुदत आता ६० वर्षांची आहे. मिस्साच्या वेळी गीत गाण्यास आडकाठी नाही, कारण खऱ्या धर्मविधीतील गायनास कायद्यात सूट दिली आहे. परंतु त्याची स्वरलिपी जगास वाटणे ही निराळी गोष्ट. त्यातही शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, भाषांतराचा वेगळा. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांचे शब्द मोकळे आहेत. त्यांस अलीकडे कोणी चाल लाविली असेल, तर ती चाल मोकळी नव्हे. १९६० नंतरच्या दशकात मिस्सा लोकभाषेत होऊ लागली. तेव्हापासून रचलेली आमची बहुतेक गीते अद्याप मुदतीतच असणार. म्हणून मास्तरांच्या मुलाबाळांकडे जाऊन लेखी संमती घ्यावी. घरची माणसे सहसा नकार देणार नाहीत. कोणी विचारलेच नाही, याचेच त्यांस अधिक वाईट वाटते, असा आमचा समज आहे. संमती मिळेपर्यंत पाने टिपून आपल्यापाशीच जपावी.

पाने टिपताना वही उसवू नये, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. तिचा डाग कागद खातो. कडा व कोपरे यांसह सबंध पान घ्यावे, कारण ‘बायकांसाठी एक सूर खाली’ यासारखे शेरे कोपऱ्यातच असतात. छायाचित्राने अक्षर टिकते, परंतु गाणाऱ्यांची सोय व्हावी तर ‘म्यूझस्कोर’सारख्या विनामूल्य साधनाने स्वर नव्याने मांडावे, म्हणजे पट्टी हवी तशी बदलता येते. शब्द कोणाचे, चाल कोणाची, वही कोणाची आणि तपासले कोणी, हे प्रत्येक पानाच्या माथ्यावर यावे. एक कोमल स्वर चुकला, तर तीच चूक पुढे पन्नास गावांत गायिली जाते!

महाविद्यालयात जाणारी दोन-तीन मुले मिळाली, तर एका वहीचे काम चार रविवारांत उरकेल. कपाटाची किल्ली कोणापाशी आहे, हे मात्र त्यांस आधी शोधून काढावे लागेल.