दोन म्हाताऱ्या आणि आमची मतं

"खूपच डिप्रेसिंग आहे यार."
"त्या काळातले लोक किती क्रूर होते!"
"सर्व्हायव्हलच्या डिटेल्स जरा कमी असत्या तर फास्ट झालं असतं."
आणि सगळ्यांत लाडकं मत : "विल पॉवर असली की माणूस काहीही करू शकतो, बस्स!"

मंडळी, ही मतं आमच्या हॉस्टेलच्या वाचकवर्गाची. पुस्तकाचं नाव 'टू ओल्ड विमेन', लेखिका वेल्मा वॉलिस. ती अलास्कातल्या ग्विचिन या आदिवासी जमातीची. पुस्तक १९९३ चं, दीडशे पानांच्या आतलं. एका सेमिस्टरमध्ये ते नऊ-दहा जणींच्या उशाखालून फिरून आलं. सिलॅबसबाहेरचं, त्यात सबमिशनच्या दिवसांत, म्हणजे रेकॉर्डच म्हणायचा. मेसमध्ये त्याच्यावर जी चर्चा झाली ती ऐकून मला हा लेख लिहावासा वाटला. मला वाटतं, आपण सगळ्यांनी पुस्तक वाचलं पण ते भलतीकडूनच वाचलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. गोरा माणूस अलास्कात पोचायच्या फार आधीचा काळ. कडाक्याचा हिवाळा, शिकार मिळत नाही, अख्खी टोळी उपाशी. टोळीचा प्रमुख सगळ्यांसमोर जाहीर करतो की दोन म्हाताऱ्यांना इथेच सोडून आपण पुढे निघायचं. एकीचं नाव चिड्झिग्याक, वय ८०. दुसरी सा, वय ७५. चिड्झिग्याकची सख्खी मुलगी गप्प बसते. आपण बोललो तर आपलं आणि आपल्या पोराचं काय होईल ही भीती! जाताना ती आईजवळ कच्च्या चामड्याच्या पट्ट्यांची एक जुडी ठेवून जाते. नातू स्वतःची हाडाची कुऱ्हाड आजीसाठी झाडात लपवून जातो. मग नुसतं बर्फ आणि त्या दोघी. रडून झाल्यावर त्या ठरवतात, मरण येणारच असेल तर हातपाय हलवत असताना येऊ दे. आणि त्या मरत नाहीत.

'डिप्रेसिंग' या मतावर मी वेळ घालवत नाही. सेकंड इयरच्या रिझल्टपेक्षा हे पुस्तक नक्कीच कमी डिप्रेसिंग आहे.

क्रूरपणाचं मत मात्र सोडून देता येत नाही. कारण ते म्हणताना प्रत्येकीच्या आवाजात एक सुटकेचा सुस्कारा होता, की बरं झालं आपण त्यातले नाही. पुस्तकात एक जागा आहे जी बहुतेकींनी झपाट्यात ओलांडली. सा आपल्या तरुणपणाची आठवण सांगते. तेव्हाही टोळीने एका म्हातारीला मागे सोडायचं ठरवलं होतं आणि ही पोरगी प्रमुखाच्या तोंडावर बोलली होती, हे चूक आहे म्हणून. शिक्षा काय? तिलाही त्या म्हातारीबरोबर सोडून टोळी निघून गेली. म्हणजे त्या लोकांत विरोध करणारी माणसं होती, आणि त्याची किंमत मोजणारीही होती. शेवटी ती टोळी परत येते, शरमते, आणि यापुढे कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला टाकायचं नाही असा नियम करते.

आता जरा आपल्याकडे बघा. भारताच्या संसदेने २००७ मध्ये एक कायदा केला. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा. त्याचं कलम २४ सांगतं की ज्याच्यावर म्हाताऱ्या माणसाची जबाबदारी आहे त्याने त्याला कायमचं सोडून देण्यासाठी कुठेही टाकलं, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणी करतच नसेल तर संसद कशाला कायदा करेल? त्या टोळीजवळ निदान उपासमारीचं कारण होतं. आपल्याकडे फ्लॅटमध्ये जागा नाही हे कारण असतं. असो.

खरं भांडण आहे ते तिसऱ्या मताशी. डिटेल्स कमी हव्या होत्या म्हणे! अगं बाई, डिटेल्स म्हणजेच ते पुस्तक आहे.

पहिल्याच दिवशी सा कुऱ्हाड फेकून एक खार मारते आणि त्या खारीच्या गरम रशावर दोघी जीव धरतात. सशासाठी फास लावतात. बर्चच्या लाकडाला त्याच चामड्याच्या पट्ट्या गुंडाळून बर्फात चालायचे रुंद बूट बनवतात. निखारे राखेत दडवून एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला नेतात. पूर्वी भरपूर मासे मिळालेली एक जागा आठवून, दिवसेंदिवस चालून तिथे पोचतात. उन्हाळ्यात मासे वाळवून इतका साठा करतात की पुढच्या हिवाळ्यात तीच टोळी परत येते तेव्हा उपाशी टोळी असते आणि भरलेलं कोठार म्हाताऱ्यांचं!

आपण इंजिनिअरिंगची मुलं-मुली आहोत ना? रुंद बुटाने वजन जास्त क्षेत्रफळावर पसरतं म्हणून पाय बर्फात रुतत नाही. हे तर अकरावीचं फिजिक्स झालं. राखेतल्या निखाऱ्याला हवा कमी मिळते, तो हळू जळतो, वर राख उष्णता धरून ठेवते, म्हणून सकाळी फुंकर मारली की विस्तव तयार. हेच डायग्राम काढून 'एक्स्प्लेन विथ नीट स्केच' म्हणून विचारलं असतं तर आपण पाठ केलं असतं. दोन म्हाताऱ्या करून दाखवतात तर आपण पानं उलटतो!

आणि म्हणूनच मला ते विल पॉवरचं मत सगळ्यांत जास्त खटकतं. सूर्योदयाच्या पोस्टरवर छापायला ते ठीक आहे. पण विल पॉवरने फास बांधता येत नाही. मला आणि तुम्हाला त्या बर्फात सोडलं तर आपली विल पॉवर पहिल्या रात्रीपर्यंत टिकेल. त्या म्हाताऱ्यांना ७०-७५ वर्षं बघून, करून, हात कापून घेऊन आलेलं ज्ञान होतं. गंमत म्हणजे टोळीत असताना त्या काठी टेकत फिरायच्या, सारख्या कुरकुर करायच्या आणि सगळी कामं पोरांवर टाकायच्या. त्यामुळे टोळीलाच काय, त्यांना स्वतःलाही विसर पडला होता की आपल्याला एवढं येतं.

रानातलं ज्ञान नसेल तर काय होतं याचं मराठीतलं उदाहरण फार मोठ्या बाईंचं आहे. दुर्गाबाई भागवत. गोंडांचा अभ्यास करायला मध्य प्रदेशातल्या जंगलात फिरत असताना विषारी सुरण खाण्यात आला आणि पुढची काही वर्षं त्या आजारपणात अंथरुणाला खिळल्या. एवढ्या बुद्धीची, एवढ्या जिद्दीची बाई! विल पॉवर त्यांच्याकडे कमी होती असं कोण म्हणेल? कंदाला ते कळत नाही.

हा किस्सा मी मेसमध्ये सांगितला तेव्हा पहिल्यांदा आमची एक ज्युनिअर बोलली. देवरी तालुक्यातली, गोंड घरातली, एरवी फार बोलत नाही. म्हणाली, "ताई, कडू कांदा पण तसाच असतो जी. तसाच खाल्ला तर माणूस जाईल. माझी आजी पातळ चकत्या करते, राख टाकून उकळते, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवते. मग गोड लागते." टेबल एकदम शांत. मग केमिकलवाली एक उडालीच, "अरे हे तर लीचिंग आहे! पातळ चकत्या म्हणजे सरफेस एरिया, वाहतं पाणी म्हणजे ग्रेडियंट कायम!" ज्युनिअर म्हणाली, "ते मला माहीत नाही, पण जाड कापलं की आजी ओरडते."

म्हणजे आपण अलास्कातल्या म्हाताऱ्या वाचून 'वॉव' म्हणत होतो आणि तसलीच म्हातारी आपल्या जिल्ह्यात, एसटीच्या अंतरावर जिवंत आहे. एकच नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडाखाली जाऊन बघा. फुलं रात्री गळतात, उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, नीट वाळवली नाहीत तर बुरशी लागते आणि वर्षाचा साठा गेला. मे महिन्यात तेंदूपत्ता. ७० पानांचा एक पुडा. कुठलं पान घ्यायचं, कुठलं सोडायचं हे हाताला कळतं, डोळा नंतर बघतो. पावसाळ्यात धान हाती यायच्या आधीचे दिवस तंगीचे, तेव्हा कंद, रानभाज्या आणि वास्ते. (पुणे-मुंबईवाल्यांसाठी : वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब.) बाजाराच्या दिवशी चारोळी, मोह घेऊन बसलेल्या बायांशी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्यांना कोणी 'सर्व्हायव्हल एक्स्पर्ट' म्हणत नाही. 'मागास' म्हणतात.

इथे माझा आक्षेप एका शब्दावर आहे. हे पुस्तक 'प्रागैतिहासिक कादंबरी' आहे असं सगळे म्हणत होते आणि त्याच चर्चेत एकीने अगदी सहज 'आपल्याकडचे आदिवासी पण तसेच ना' असं म्हटलं. तसेच म्हणजे कसे? प्रागैतिहासिक म्हणजे लिहिलेला इतिहास सुरू व्हायच्या आधीचं, इतकाच अर्थ आहे. त्यात मागे राहिलेलं, अर्धवट, रानटी असं काही नाही. आणि लिहिण्याचंच बोलायचं तर आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली होती. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही ग्रीक आल्फाबेट शिकलो, कारण थीटा आणि पाय लागतात. गोंदियात राहून गोंडीला लिपी आहे हे मात्र मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. २०१३ मध्ये गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी वनहक्क कायद्याच्या आधारे आपला तेंदूपत्ता स्वतः विकला. टेंडर, भाव, हिशेब सगळं गावाने. प्रागैतिहासिक माणसं टेंडर काढत नाहीत.

मराठी वाचकाला 'त्या काळातली बाई' म्हटलं की राहुल सांकृत्यायन यांच्या 'व्होल्गा ते गंगा' मधली निशा आठवते. इसवी सनपूर्व ६००० मधली, टोळीची प्रमुख असलेली. ती भारी आहेच, पण ती एका विद्वान माणसाने तुरुंगात बसून, वाचलेल्याच्या आधारावर उभी केलेली आहे. वॉलिसचं वेगळं आहे. तिला ही गोष्ट तिच्या आईने सांगितली, आणि आईपर्यंत ती आधीच्या पिढ्यांकडून आली. तरी पुस्तक आल्यावर तिच्याच समाजातले काही लोक नाराज झाले. जगाला वाटेल आम्ही म्हाताऱ्यांना टाकून देणारे लोक आहोत, अशी त्यांची भीती. आमच्या मेसमधलं 'किती क्रूर' हे मत ऐकलं तर ती भीती खोटी नव्हती. तरीही तिने लिहिलं हे मला बरोबर वाटतं. फक्त चांगल्या वागण्याचीच गोष्ट लिहायची असेल तर सा आणि चिड्झिग्याक कशावर मात करणार?

आपल्याकडे अशी गोष्ट नाही असं समजू नका. सालेकसा तालुक्यात दरेकसा स्टेशनजवळ कचारगड आहे. माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते, चार-पाच राज्यांतून गोंड लोक येतात. आपल्यापैकी बरेच जण तिथे पिकनिकला जाऊन गुहेत फोटो काढून आलेत. त्या गुहेची कथा वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतात. एका कथेत कली कंकालीची ३३ मुलं आहेत, आणि त्यांना सांभाळणारी, खाऊ घालणारी जंगो रायताड आहे. ती मुलं गुहेत कोंडली जातात, तोंडावर शिळा. आई बाहेर आकांत करते. शेवटी लिंगो आणि वाद्य वाजवणारा हिरासुका येतात, शिळा हटते, मुलं सुटतात, आणि हिरासुका त्या शिळेखाली जातो. नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि कथांवर आयुष्यभर काम केलं, ते २०१५ मध्ये गेले. ग्रंथ आहेत, अभ्यास आहे. पण उशाखालून फिरेल अशी दीडशे पानांची जंगोची कादंबरी आमच्या हॉस्टेलमध्ये तरी कोणी आणलेली नाही. ती बाहेरच्या कोणी येऊन लिहावी असंही मला वाटत नाही. मी तर मुळीच लिहू नये. माझं गोंडी शून्य आणि कंद मला बटाट्यापलीकडे ओळखता येत नाही.

ज्युनिअरने दिवाळीच्या सुट्टीत ती दोन म्हाताऱ्यांची गोष्ट आपल्या आजीला गोंडीत सांगितली. आजी तेंदूच्या सीझनमध्ये अजूनही जाते. आम्हाला उत्सुकता होती की आजीला काय वाटलं. क्रूर वाटलं? विल पॉवर? आजीने पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला : ते उपाशी लोक परत आले तेव्हा बायांनी त्यांना एकदम पोटभर खाऊ दिलं काय?

आम्ही परत पुस्तक उघडून बघितलं. नाही दिलं. मोजून दिलं, थोडं थोडं.

"मंग बराबर आहे," आजी म्हणाली म्हणे, "त्यांना येत होतं."