मेथडिस्ट चर्चमधली फूट : अमेरिकेतला ठराव मुंबईत का लागू होत नाही?

मे 2024 मध्ये अमेरिकेतल्या शार्लट शहरात युनायटेड मेथडिस्ट चर्चने आपल्या नियमग्रंथातून 52 वर्षं जुनं एक वाक्य काढून टाकलं. समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. त्याच अधिवेशनात समलैंगिक व्यक्तींना पाळक म्हणून दीक्षा देण्यावरची बंदीही उठली. बाजूने 692 मतं, विरोधात फक्त 51.

‘मेथडिस्ट चर्चने समलिंगी विवाह मान्य केला’ अशी एका ओळीतली बातमी वाचली की साहजिकच प्रश्न पडतो, मग मुंबईत मुख्यालय असलेल्या मेथडिस्ट चर्चचं काय? थोडक्यात उत्तर असं की त्या ठरावाने इथे काहीच बदललेलं नाही. पण का बदललेलं नाही, हे समजून घेतलं तर अमेरिकेतली फूट नेमकी कशावरून पडली तेही कळतं.

भांडण कधीपासूनचं?

1968 मध्ये दोन चर्च एकत्र येऊन युनायटेड मेथडिस्ट चर्च तयार झालं. लगेच 1972 च्या महाअधिवेशनात वर उल्लेख केलेलं वाक्य नियमग्रंथात आलं. पुढे दर चार वर्षांनी त्यावर वाद होत राहिला आणि नियम अधिकच कडक होत गेले. समलिंगी विवाह लावणाऱ्या पाळकांवर कारवाया झाल्या. 2019 मध्ये सेंट लुईसला खास अधिवेशन बोलावून एकदाचा निकाल लावायचं ठरलं. तिथे बंदी कायम ठेवणारी योजना 438 विरुद्ध 384 मतांनी मंजूर झाली.

एवढा निसटता निकाल कसा लागला, हे पाहण्यासारखं आहे. प्रतिनिधींपैकी सुमारे 40 टक्के अमेरिकेबाहेरचे होते, त्यातही आफ्रिकेतले सर्वाधिक. अमेरिकेतली सदस्यसंख्या वर्षानुवर्षं घटत होती, आफ्रिकेतली वाढत होती. आफ्रिकेतल्या बहुसंख्य प्रतिनिधींची विवाहाबद्दलची भूमिका पारंपरिक होती. अमेरिकेतल्या सनातनी गटाला त्यांची साथ मिळाली.

देवरूखच्या आसपासच्या गावांतल्या वाचकांना हे चित्र परकं वाटणार नाही. आपल्याकडे वाडीचं एक ग्रामीण मंडळ असतं आणि एक मुंबई मंडळ. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी बहुतेक मुंबईहून येते, देऊळ सांभाळतात गावात राहणारे. मग सभेत कुणाचा शब्द चालायचा, यावरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बैठका चालतात. मेथडिस्टांच्या जागतिक संस्थेत पैसा मुख्यतः अमेरिकेतून येत होता आणि माणसं आफ्रिकेत वाढत होती. फरक इतकाच की इथे सभा सगळ्या जगाची होती आणि विषय देवळाच्या कळसाचा नव्हता, माणसाच्या लग्नाचा आणि दीक्षेचा होता.

जिंकलेलेच बाहेर का पडले?

हा भाग सगळ्यांत गोंधळात टाकणारा आहे. 2019 मध्ये मतदान सनातनी गटाने जिंकलं, तरी चर्च सोडलं तेही मुख्यतः त्यांनीच. अमेरिकेतले अनेक बिशप आणि प्रादेशिक परिषदा नवे नियम पाळायला तयार नव्हत्या. कागदावरचा नियम कुणी राबवणारच नसेल तर तो जिंकून उपयोग काय, असं त्यांना वाटू लागलं.

पण मेथडिस्ट मंडळीला नुसतं उठून जाता येत नाही. स्थानिक चर्चची इमारत आणि जमीन ही मंडळी संपूर्ण संस्थेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते, हा नियम थेट अठराव्या शतकातल्या जॉन वेस्ली यांच्यापर्यंत जातो. म्हणून 2019 मध्येच एक मर्यादित वाट उघडली गेली. सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी ठराव करा, दोन वर्षांचं देणं आणि पाळकांच्या निवृत्तिवेतनाचा वाटा भरा आणि इमारत घेऊन बाहेर पडा. मुदत 2023 अखेरपर्यंत. या वाटेने अमेरिकेतली 7,600 हून जास्त चर्चेस, म्हणजे जवळपास पाव भाग, बाहेर पडली. त्यातली बरीच मे 2022 मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेली.

म्हणजे शार्लटमध्ये 692 मतं पडली, त्यामागे मतपरिवर्तन होतं तसंच सभागृहाची बदललेली रचनाही होती. विरोध करणारे बरेचसे आधीच निघून गेले होते. शिवाय आफ्रिकेतल्या अनेक प्रतिनिधींना व्हिसाच्या अडचणींमुळे पोहोचताच आलं नाही. निकालावर आक्षेप घेणारे हा मुद्दा काढतात आणि माझ्या मते तो उडवून लावण्यासारखा नाही. मात्र तेवढ्याने 692 विरुद्ध 51 हे अंतर भरून निघत नाही, हेही खरं.

शार्लटमध्ये विवाहाची व्याख्याही तडजोडीने लिहिली गेली : प्रौढ स्त्री आणि पुरुष यांचा, किंवा दोन प्रौढ व्यक्तींचा. कुठल्याही पाळकावर समलिंगी विवाह लावण्याची सक्ती नाही. तरीही त्याच महिन्याच्या अखेरीस दहा लाखांहून जास्त सदस्य असलेल्या आयव्हरी कोस्टच्या चर्चने संस्था सोडली.

मग भारत कुठे आहे?

अमेरिकी मेथडिस्टांचं भारतातलं काम 1856 मध्ये विल्यम बटलर यांच्यापासून उत्तरेत, बरेलीला सुरू झालं. मुंबईत 1870 च्या दशकात विल्यम टेलर यांच्यामुळे मंडळ्या उभ्या राहिल्या. 1972 मध्ये ते वाक्य नियमग्रंथात आलं तेव्हा भारतातली मंडळी याच जागतिक संस्थेचा भाग होती. पण 1981 मध्ये ती वेगळी झाली आणि ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ ही स्वायत्त संस्था बनली. स्वतःचा नियमग्रंथ, स्वतःचे बिशप, स्वतःचं महाअधिवेशन. अमेरिकेशी नातं राहिलं ते संलग्न चर्च म्हणून. अशा चर्चचे प्रतिनिधी अमेरिकेतल्या महाअधिवेशनात बसू शकतात, बोलू शकतात, पण मत देऊ शकत नाहीत.

फिलिपिन्स आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच मंडळ्या आतच राहिल्या, म्हणून 2019 मध्ये अमेरिकेच्या चर्चने काय करायचं हे ठरवण्यात त्यांचा वाटा होता. भारताने तो हक्क सोडला आणि बदल्यात आपलं आपण ठरवण्याची मोकळीक घेतली. गंमत म्हणजे शार्लटला मंजूर झालेला आणखी एक बदल जवळपास हेच करतो. प्रत्येक प्रदेशाने विवाह आणि दीक्षेचे नियम आपापले करावेत, अशी ती रचना आहे. जगभरातल्या वार्षिक परिषदांच्या मतदानानंतर नोव्हेंबर 2025 मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. भारत 44 वर्षांपूर्वी ज्या वाटेने गेला, तिच्याच जवळ बाकीचे आता येत आहेत.

याचा अर्थ इथे प्रश्नच नाही, असा मात्र होत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले सहमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार देऊन विषय संसदेवर सोडला. त्यामुळे एखाद्या पाळकाने उद्या असं लग्न लावायचं ठरवलं, तरी कायद्याच्या दृष्टीने ते लग्न ठरणार नाही. भारतीय मंडळ्यांपुढचा प्रश्न म्हणून वेगळा आहे. आपल्याच उपासनेला येणारा, आपल्याच गायकगटात गाणारा तरुण स्वतःबद्दल खरं बोलला, तर त्याला प्रभुभोजनाला बसू द्यायचं का? नागपुरात मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया लैंगिक विविधतेवर चर्चमध्ये बोललं जावं म्हणून प्रयत्न करत आली आहे. मेथडिस्ट चर्च इन इंडिया तिचं सदस्य आहे. या प्रश्नाचं उत्तर शार्लटहून येणार नाही. ते देण्याचा अधिकार 1981 पासून इथल्याच महाअधिवेशनाकडे आहे.