घरांतील यंत्रें : निपचित पडलेला संगणक

ज्या घरांत संगणक आहे त्या घरीं केव्हां तरी अशी सकाळ उगवतेच कीं, बटण दाबावें आणि कांहींच होऊं नये. दिवा लागत नाहीं, पंखा फिरत नाहीं, जणूं यंत्रांत कधीं प्राण नव्हताच. आमच्याकडे ही सकाळ गेल्या श्रावणांत उगवली. थोरले बंधु गेलीं चार वर्षें आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त त्या यंत्रावर लिहीत होते. गांवोगांवच्या भाऊबंदांनीं पाठविलेल्या नोंदी, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतून उतरून घेतलेलीं नांवें, सर्व कांहीं त्यांतच. आणि दुसरी प्रत कोठेंहि नाहीं. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांस दूरध्वनीवरून विचारलें, तेव्हां त्यांनीं यंत्र न पाहतांच "तें संपलें, आतां नवें घ्या" असा निकाल दिला. दादा कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवशीं ते पानावरून अर्ध्या जेवणांतच उठले.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, हें दुखणें निराळें. त्याचा विचार पुन्हां केव्हां तरी. जेथें पंखाच फिरत नाहीं तेथें संशय विजेच्या वाटेवर घ्यावयाचा, आणि ही वाट यंत्रापासून नव्हे, भिंतीपासून सुरू होते. वहिनींनीं शिवणयंत्राजवळचा दिवा आणून त्याच खोबणींत लावून पाहिला, तो लागला. मग तार. पडद्याची आणि संगणकाची तार बहुधा एकाच घडणीची असते, तेव्हां अदलाबदल करून पाहण्यास पैसा पडत नाहीं. यंत्राच्या मागें जी कळ असते तिच्यावर शून्य आणि उभी रेघ अशीं चिन्हें असतात. रेघेची बाजू दाबलेली असावी. केर काढतांना ही कळ नकळत बंद झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. जुन्या पेट्यांना ११५ व २३० असे आंकडे असलेली एक तांबडी खुंटीहि असते. तिला मुलांनीं हात लावूं नये. आपल्याकडील २३० व्होल्टांवर ती ११५ कडे सरकविली तर पेटी क्षणांत जळते.

एवढें झाल्यावर तार भिंतींतून काढावी, यंत्राचें बटण दहा-बारा सेकंद दाबून धरावें आणि पांच-दहा मिनिटें थांबावें. आंत कोठें क्षणिक शॉर्ट झाला असल्यास पेटी स्वसंरक्षणार्थ स्वतःस बंद करून घेते व वीज पुरती तुटल्याशिवाय जागी होत नाहीं. कित्येक 'मेलेले' संगणक एवढ्यानेंच उठून बसतात. आमचा उठला नाहीं.

येथें थोडें आंतलें सांगणें अवश्य आहे. भिंतींतील वीज घेऊन ती १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा सौम्य प्रवाहांत देणारी जी पेटी, तिला दुकानदार 'एसएमपीएस' म्हणतात. पूर्वीच्या संगणकांत समोरची कळ वीजच तोडीत असे. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें 'एटीएक्स' नांवाची रचना काढली, तेव्हांपासून समोरचें बटण केवळ निरोप्या झालें. संगणक बंद असतांहि पेटी जांभळ्या तारेंतून ५ व्होल्ट अखंड देत असते. त्या आधारावर मदरबोर्ड बटणाचा निरोप ऐकतो व हिरवी तार काळ्या तारेशीं जोडून पेटीस जागें करतो. हें एवढें कळलें कीं अर्धें निदान झालें.

बाजूचा पत्रा काढून पुतण्यानें पाहिलें. कांहीं मदरबोर्डांवर लहानसा दिवा असतो व तार भिंतींत असेपर्यंत तो तेवत राहतो. तो तेवत असेल तर बटणावर किंवा बोर्डावर संशय घ्यावा. आमचा विझलेला होता. परंतु तेवढ्यावरून पेटीस दोषी ठरविणें घाईचें होतें, कारण बोर्डांतील शॉर्टहि पेटीचा गळा दाबूं शकतो. म्हणून वीज काढून पेटीच्या सर्व तारा सोडविल्या, पुन्हां वीज दिली आणि मल्टिमीटरनें जांभळी व काळी तार यांमधील दाब मोजला. कांटा शून्यावरून हलला नाहीं. दोषी सांपडला.

जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट मिळाले असते तर वीज बंद करून हिरवी व काळी तार कागदाच्या टांचणीनें जोडावयाची आणि मग वीज देऊन पंखा फिरतो कीं काय तें पहावयाचें. फिरला म्हणजे पेटी निर्दोष असें मात्र समजूं नये. पिवळ्या तारेवर १२, तांबडीवर ५ व नारिंगीवर ३.३ व्होल्ट शेंकडा पांचच्या आंतबाहेर आहेत कीं नाहींत तें मोजावें. सर्वच तारा काळ्या असतील तर नकाशा हातीं असल्याशिवाय हा प्रयोग करूं नये.

मग पुतण्या स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटीच उघडावयास निघाला. "काका, आंत नुसता फ्यूज गेला असेल." मी तो हातांतून काढून घेतला, कांहींशा रागानेंच. पेटींतील मोठ्या कपॅसिटरवर तीनशें व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि तार भिंतींतून काढल्यावरहि तो कांहीं काळ तेथें दबा धरून बसतो. त्यानें माणूस दगावूं शकतो. शिवाय फ्यूज उगीच जात नाहीं, त्याच्या मागील कांहीं तरी जळलें म्हणून तो जातो. नवा घातला तरी तोहि जातो. पेटी उघडावयाची नाहीं, बदलावयाची.

नवी घेतांना जुनीवर लिहिलेल्या वॅटांहून कमी घेऊं नये. आणि हें फारसें कोणी सांगत नाहीं म्हणून सांगतों : ज्या पेट्यांच्या तारा सुट्या होतात त्यांची जुनी तार नव्या पेटीस कदापि लावूं नये. टोंक बसतें, पण पेटीकडील जोडणी प्रत्येक कारखान्याची निराळी असूं शकते, आणि ५ व्होल्टांच्या जागीं १२ पोंचले कीं हार्ड डिस्क गेली.

दादांची चिंता तीच होती. डिस्कवरील अक्षरें चुंबकानें उमटलेलीं. वीज गेल्यानें तीं पुसत नाहींत, हें मी त्यांस परोपरीनें सांगितलें. तथापि मरतां मरतां पेटीनें भलताच दाब पाठविला असेल तर डिस्कचें सर्किट जळालें असेल, ही शंका मलाहि होती; ती मात्र मी बोलून दाखविली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं नवी पेटी बसविली. बटण दादांनींच दाबलें. पंखा फिरला, पडदा उजळला, आणि कुलवृत्तान्त जसाच्या तसा समोर आला. दादांनीं त्याच रात्रीं त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या पेनड्राइव्हवर करविल्या व एक वहिनींच्या दागिन्यांच्या डब्यांत ठेवावयास दिली. दुसरी कोणत्या गांवीं कोणाकडे पाठवावयाची, यावर घरांत अजून एकमत झालेलें नाहीं.