परंपरेचा हिशेब आणि परंपरेचा अर्थ

संतसाहित्यातील गुरुपरंपरेचा प्रश्न निघाला की मराठी अभ्यासक संहिता मिटून बेरीज-वजाबाकी करू लागतो. बहिणाबाईंच्या (१६२८–१७००) अभंगातील परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर अशी उतरते आणि सच्चिदानंद, विश्वंभर, राघव, केशव, बाबाजी या नावांवरून तुकोबांपर्यंत येते. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ची, तुकोबांचे निर्याण १६५०चे. साडेतीन शतकांना नावे पाच, आणि त्यांतील सच्चिदानंद तर ज्ञानेश्वरी लिहून घेणारे, म्हणजे ज्ञानेश्वरांचे समकालीनच! त्यावर एक पक्ष ही परंपरा उत्तरकालीन बनाव ठरवतो. दुसरा पक्ष श्रद्धाळू; तो मधल्या पुरुषांना योगबळाने दीर्घायुषी करतो. दोन्ही पक्षांचे गृहीतक मात्र एकच आहे: नाममालिका म्हणजे कालगणना.

या गृहीतकाची परीक्षा बायबलच्या अभ्यासात कधीच झालेली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात योरामानंतर थेट उज्जीया येतो. अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गळतात. ही नावे जुन्या करारात उघड नोंदलेली असल्याने गळतीला अज्ञान म्हणता येत नाही. मत्तयाला चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट हवे होते आणि हिब्रू अक्षरमूल्यांनुसार दावीद या नावाची बेरीज चौदा होते. ‘पुत्र’ या शब्दात वंशजही सामावतो. राघव म्हणजे रघूचा मुलगा नव्हे, हे मराठी वाचकाला कुणी समजावण्याची गरज नाही. तरीही आर्चबिशप अशर यांनी बायबलमधील वंशावळींच्या आधारे सृष्टीची उत्पत्ती इसवी सनपूर्व ४००४ मध्ये बसवली. (त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला १६५० साली, तुकोबांच्या निर्याणाच्याच वर्षी.) या वंशावळींची अशी बेरीज करताच येत नाही, हे १८९० मध्ये सांगितले ते विल्यम हेन्री ग्रीन यांनी, आणि ते कोणी पाखंडी नव्हते, प्रिन्स्टनचे सनातनी धर्मपंडित होते.

नावांची गळती सर्वत्र निरुपद्रवी असते, असा याचा अर्थ नाही. खंडाळा तालुक्यातील शिरवळ हे जुने परगण्याचे ठाणे. अशा ठाण्यांतून वतनाचे तंटे चालत तेव्हा करीना आणि महजर यांतील पिढी गळणे म्हणजे हक्क गमावणे. तिथे वंशावळ हा मालकीचा पुरावा असतो आणि तो काटेकोरपणे तपासलाच पाहिजे. आपल्या संशोधनाची दृष्टी मुख्यतः याच दप्तरांत घडली, आणि दप्तरातला निकष अभंगाला लावण्यात कुणालाच काही गैर वाटले नाही. केशव आणि बाबाजी हे दोन की एकच, या वादात खर्ची पडलेली शाई पाहावी! तुकोबांना उपदेश स्वप्नात झाला, हे ते स्वतः सांगतात. स्वप्नातील उपदेशाला गुरुशिष्यांची समकालीनता लागत नाही. मग कालविसंगतीचा आक्षेप नेमका कशावर आहे?

बहिणाबाई ब्राह्मण स्त्री. त्यांनी गुरू केला तो शूद्र. पतीचा विरोध, देहूत मंबाजीचा छळ, आणि गुरूकृपा तीही कोल्हापुरात स्वप्नात झालेली. अशा स्त्रीने आदिनाथापासून तुकोबांपर्यंत नावे मांडणे हा इतिहासलेखनाचा प्रयत्न नव्हे. तो अधिकाराचा युक्तिवाद आहे. मत्तयही राजवंशाच्या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना जागा देतो, तेव्हा तो पिढ्या मोजत नसतो. तीन राजे वगळणारी लेखणी या चार स्त्रिया का राखते, हा वाङ्मयीन प्रश्न आहे. बहिणाबाईंबाबत तो विचारलाच गेला नाही. १९२९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत आणणारे जस्टिन अ‍ॅबट तर मिशनरी होते. मत्तय आणि बहिणाबाई एकाच मेजावर असूनही मराठी समीक्षेने दोहोंची गाठ घालून दिली नाही.

आणि देहूत दुसरी वंशावळही आहेच: पूर्वज विश्वंभरबाबांपासून तुकोबांपर्यंतची, रक्ताची. बहिणाबाईंच्या मालिकेतही विश्वंभर हे नाव येते, म्हणून दोघांना एक करण्याचा मोह होतो. तसे केले की गुरुपरंपरा पुन्हा कुळाच्या कागदात कोंबली जाते. ज्या कवयित्रीने ‘वज्रसूची’ मराठीत आणून ब्राह्मण्य जन्माने ठरते हे मत खोडून काढले, तिच्या नाममालिकेचा निवाडा जन्ममृत्यूच्या सनावळीवर करायचा की वज्रसूचीशेजारी ठेवून ती वाचायची, याचे उत्तर हिशेब मांडणाऱ्यांनी द्यावे.