हंगाम की एकच सामना?

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा बाद पद्धतीने होते, तेव्हा पहिल्याच फेरीत निम्मे संघ घरी परततात. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावातून गेलेल्या मुलांचा महिनाभराचा सराव दीड तासात संपतो. आठ संघांना बाद पद्धतीत सात सामने पुरतात, साखळी पद्धतीत अठ्ठावीस लागतात. खर्च वाढतो हे खरे. परंतु प्रत्येक संघाच्या वाट्याला सात सामने येतात, आणि खेळाडू घडतो तो सामन्यांतूनच.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत शेजारपाजारची विद्यापीठे मंडळे करून दर शरदात आपसांत खेळत. त्यांचा फुटबॉल निराळा. परंतु हंगामाचे तत्त्व हेच. आपल्याकडेही उज्ज्वल परंपरा आहे. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता त्या काळात, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे, हैदराबाद पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक होते.

१९५८ साली औरंगाबादेस आणि १९९४ साली नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले. पदवी दाराशी आली. आता हंगामही यावा. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल, एवढ्या अंतरातील महाविद्यालयांनी साखळी उभारली, तर निवासाचा खर्च वाचेल. परीक्षेत नापास झालेल्याला पुन्हा बसण्याची संधी देणाऱ्या व्यवस्थेने ती मैदानावर का नाकारावी?