पदपथावरच्या लेखकाला कौतुक नको, जागा हवी

पदपथावर पुस्तके विकणारा माणूस स्वतःही लिहितो असे कळले की आपली वृत्तपत्रे हेलावून जातात. त्याचे छायाचित्र छापले जाते, त्याच्या जिद्दीचे गोडवे गाइले जातात आणि दुसऱ्या दिवशी सर्व काही विसरले जाते. या कौतुकातला एक शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. तो शब्द म्हणजे 'असूनही'. फेरीवाला असूनही लेखक! प्राध्यापक असूनही लेखक, असे आम्हां प्राध्यापकांविषयी कधी कोणी लिहिल्याचे स्मरत नाही. लेखन ही फुरसत असलेल्या वर्गाची मिरासदारी आहे, हे गृहीत धरल्याखेरीज हा शब्द लेखणीतून उतरतच नाही.

अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या लक्ष्मण राव यांचे उदाहरण घ्या. 1975 मध्ये ते दिल्लीला गेले. त्यांनी मोलमजुरी केली, भांडी घासली. मग विष्णू दिगंबर मार्गावर, हिंदी भवनाजवळच्या पदपथावर पान-विडी आणि चहा विकू लागले. मातृभाषा मराठी, लेखन हिंदीत. प्रकाशकांनी दारातून परत पाठविले, तेव्हा 1979 मध्ये पहिली कादंबरी त्यांनी स्वतःच्या पैशाने छापली. पुढे त्यांची वीसहून अधिक पुस्तके झाली. त्यांचा कित्येक वर्षांचा दिनक्रम असा होता : सकाळी सायकलवर आपलीच पुस्तके लादून शाळा आणि ग्रंथालये पालथी घालायची, दुपारपासून पदपथावर चहाची किटली आणि शेजारी पुस्तके मांडायची, रात्री भाड्याच्या खोलीत परतल्यावर लिहायला बसायचे. 1984 मध्ये ते पंतप्रधान इंदिरा गांधींना भेटले, 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना भेटले. भेटी झाल्या, छायाचित्रे निघाली आणि लेखक पुन्हा त्याच पदपथावर येऊन बसला.

या दिनक्रमाचा अर्थशास्त्रीय हिशेब कोणी मांडला आहे काय? छपाईचे भांडवल चहाच्या पेल्यातून आले. वितरणाचा खर्च सायकलने सोसला. लेखनाचा वेळ झोपेतून कापून घेतला गेला. साहित्याला येथे अनुदान मिळते ते एका श्रमिकाच्या शरीराचे. शासनाचे नव्हे, प्रकाशनव्यवसायाचेही नव्हे. ज्या सहा फूट जागेवर हा सारा डोलारा उभा असतो, ती जागा मात्र केव्हाही हिरावली जाऊ शकते. गिरणीकामगाराला यंत्र, शेतकऱ्याला जमीन, तशी फेरीवाल्याला पदपथावरची जागा. तेच त्याचे उत्पादनसाधन. त्यावर हक्क नसेल तर बाकी सारे कौतुक व्यर्थ आहे.

हा हक्क कागदावर नाही असे नाही. पदपथावर व्यवसाय करणे हा, योग्य नियमनाच्या अधीन राहून, घटनेच्या 19 व्या कलमाखालील मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1989 मध्येच सांगितले. 2014 मध्ये संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवू नये. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सभासद विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. सर्वेक्षणात नोंदलेला नैसर्गिक बाजार विक्रीबंद क्षेत्र ठरविता येऊ नये, अशी स्पष्ट कलमे त्यात आहेत. आणि व्यवहार पाहा. दिल्लीत दर्यागंजच्या पदपथावर अर्धशतकाहून अधिक काळ भरणारा रविवारचा पुस्तकबाजार 2019 च्या जुलैमध्ये, कायदा होऊन पाच वर्षे उलटल्यावर, वाहतुकीचे कारण देऊन न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला. विक्रेत्यांनी लढा दिला, म्हणून सप्टेंबरमध्ये त्यांना महिला हाटच्या आवारात जागा मिळाली. आपल्या मुंबईत या समित्यांवरील प्रतिनिधींसाठी मतदान व्हायला 2024 साल उजाडले. म्हणजे हुतात्मा चौकातला पुस्तकविक्रेता दहा वर्षे अशा कायद्याच्या छायेत बसला, ज्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणाच निवडली गेली नव्हती.

पादचाऱ्यांनी चालायचे कोठून, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पादचारीही बहुधा श्रमिकच असतो. परंतु रस्त्याच्या दोन्ही कडा अडवून उभ्या राहणाऱ्या खाजगी मोटारींना हा प्रश्न त्याच आवेशाने का विचारला जात नाही? नियमनाला विक्रेत्यांचा विरोध नाही. उलट नियमन झालेच नाही, ही त्यांची तक्रार आहे. अनिश्चितता टिकण्यात मात्र काहींचे हितसंबंध गुंतलेले आहेत. ज्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही, त्याच्याकडूनच हप्ता वसूल करता येतो.

आता थोडे आपल्याविषयी. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहीत होते. आज आपण त्यांच्या जयंतीला मिरवणुका काढतो. पण आपल्याच शहरातला पुस्तकविक्रेता पालिकेच्या गाडीमागे आपली जप्त झालेली पुस्तके सोडविण्यासाठी धावतो, तेव्हा त्याच्याबरोबर आपल्यापैकी किती कार्यकर्ते धावतात? पंधरा-वीस रुपयांत जुने पुस्तक देणारा हा माणूस आपल्या अभ्यासवर्गांचा खरा ग्रंथपाल आहे. आपल्यापैकी अनेकांनी मार्क्स आणि लोहिया प्रथम वाचले ते त्याच्याकडून घेतलेल्या, कोणा अनोळखी वाचकाने खुणा केलेल्या प्रतींतूनच.

म्हणून काम सरळ आहे. प्रत्येक शाखेने आपल्या शहरातील पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण झाले किंवा नाही, समिती कागदावर आहे की तिच्या बैठका भरतात, याची विचारणा करावी. पुस्तकविक्रेत्यांच्या जुन्या जागांची नैसर्गिक बाजार म्हणून नोंद करून घ्यावी. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांनी स्वतः छापून स्वतः विकणाऱ्या लेखकांची पुस्तके थेट विकत घ्यावीत, असा आग्रह धरावा. यासाठी क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. चिकाटीने पालिकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पदपथावरचा लेखक हार मागत नाही. आज जेथे पुस्तके मांडली, तेथे उद्याही मांडता यावीत एवढेच तो मागतो.